घराच्या खोल्या नव्याने मांडताना : मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत राहते आणि घरं आतून मांडून देण्याचं काम करते. परभणी, नांदेड, लातूर, बीडकडची घरं जास्त. पहिल्याच भेटीत लोक मोबाईल पुढे करतात. त्यात कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या फ्लॅटचा फोटो असतो, भिंतभर काचेची खिडकी, पांढरा सोफा. "अस्संच करायचं." मी विचारते, ही खिडकी तुमच्याकडं पश्चिमेला येते, मग मे महिन्यात या सोफ्यावर बसणार कोण? तिथून खरं बोलणं सुरू होतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत.

सुरुवात कुठून करावी? आधी रंग, आधी फर्निचर का आधी लाईट?

आधी काहीच विकत आणू नका. एक आठवडा घर नुसतं बघा. सकाळचा चहा कुठे होतो, दुपारी दोनला माणसं कोणत्या खोलीत जाऊन पडतात, मोबाईल कुठे चार्जिंगला लागतात, ओले टॉवेल कशावर पडतात. बऱ्याच घरांत असं दिसतं की सगळ्यात मोठी खोली दिवसभर रिकामी असते आणि मधल्या खोलीत सगळ्यांची दाटी. पैसा मात्र रिकाम्या खोलीवर खर्च करायचा बेत असतो.

मग टेप घ्या. खोली, दारं कोणत्या बाजूला उघडतात, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, बटणं कुठे आहेत, हे सगळं कागदावर लिहा. जो सोफा किंवा पलंग घ्यायचा आहे त्याचा आकार फरशीवर खडूने आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. जाण्या-येण्याच्या वाटेला अडीच फूट तरी मोकळे हवेत. खडूवर पाय पडत असेल तर पुढे गुडघाही आपटणार.

कामाचा क्रम असा धरा : फोडतोड, पाण्याचे पाइप, वायरिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम, रंगाचा शेवटचा हात आणि मग दिवे-पडदे. फरशी बसल्यावर "इथं एक बटण पाहिजे होतं" असं आठवलं की खर्च दुप्पट होतो.

मे महिन्यात आमची खोली भट्टी होते. एसी न लावता काय करता येईल?

मराठवाड्यात खोली मांडायची तर हा प्रश्न पहिला सोडवावा लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वरच्या मजल्यावर किंवा एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्री अकराला पंखा लावल्यावर गरम वारा अंगावर येतो, त्यात पंख्याचा दोष नसतो. म्हणून पहिला खर्च गच्चीवर करा. मार्चअखेर चुन्याचे दोन हात द्या, नाहीतर उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. बजेट असेल तर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसवा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. शेतात वापरतात ती हिरवी शेडनेट बांबूवर दोन-तीन फूट उंच ताणली तरी खोलीत फरक जाणवतो, फक्त वावटळीत उडणार नाही अशी बांधा. गच्चीवर पाणी मारायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण टँकरच्या दिवसांत तो मी कुणाला सांगत नाही.

दुसरी अडचण पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात सूर्य उंचावरून जातो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, थेट आत येतं आणि त्याला छज्जा अडवू शकत नाही. तिथे सावली बाहेरून करावी लागते. बांबूची चिक, बाहेर उघडणारी लाकडी झडप, जाळीवर चढवलेला मधुमालतीचा वेल, काहीही चालेल. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता पडद्याच्या अलीकडं-पलीकडं खोलीतच राहते.

तिसरी गोष्ट पलंगाची जागा. उशी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. त्या भिंतीला ओल नसेल तर तिथे कपड्यांनी भरलेलं कपाट उभं करा. भिंत आणि तुमच्यात तेवढाच आडोसा.

कूलर कुठे बसवावा?

खिडकीत, अंग बाहेर आणि तोंड आत. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवलंच पाहिजे. कूलर खोलीतच ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या की तासाभरात हवा दमट होते, चादर चिकटते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला.

आकाराचा ढोबळ हिशोब असा : खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनने भागा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट. तिला मिनिटाला ६०० घनफूट हवा देणारा कूलर पुरे. त्याहून मोठा आणला तर आवाज आणि पाण्याचा खर्च वाढतो. खोली नव्याने करतानाच खिडकीखाली पक्का कट्टा, जवळ १६ अँपिअरचं बटण आणि पाणी भरायला नळाची तोटी काढून ठेवा. दरवर्षी एप्रिलमध्ये स्टुलावर स्टूल रचून कूलर उभा करायचा खेळ मग संपतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

फॉल्स सीलिंग करावं का?

बहुतेक घरांत माझं उत्तर "नको" असं असतं. खोलीची उंची जाते, वर धूळ आणि उंदीर जमतात, गळती झाली तर डाग दिसेपर्यंत कळत नाही. वरच्या मजल्यावर उष्णता अडवायची असेल आणि आत थर्मोकोल किंवा काचलोकरीचा थर भरणार असाल, तर जरूर करा. नुसत्या निळ्या पट्टीच्या लाईटसाठी मात्र करू नका. ती पट्टी वास्तुशांतीच्या दिवशी लागते, नंतर क्वचितच.

भिंतींना कोणता रंग द्यावा? किती लागेल?

उन्हाळा लांबलचक असलेल्या मुलखात फिके रंग बरे : ताकासारखा पांढरा, ज्वारीच्या पिठासारखा, फिका पिस्ता. दुकानातल्या बोटभर कार्डावर रंग ठरवू नका. भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूब लावून बघा. एकच रंग तीन वेळा वेगळा दिसतो. चारांपैकी एक भिंत गडद करायची हौस असेल तर खिडकीसमोरची निवडा, तिच्यावर उजेड पडतो. खिडकी ज्या भिंतीत आहे तीच गडद केली की खोली अंधारी वाटते.

१० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट होतात. दार-खिडक्या वजा करून ४०० धरा. चांगल्या इमल्शनचे दोन हात द्यायला साधारण सहा-सात लिटर रंग लागतो. रंगारी वीस लिटरचा डबा सांगत असेल तर उरलेला कुठे जाणार ते विचारा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग इतकी ठरलेली आहे, डब्यावर तसा उल्लेख असतो. जुन्या घरातला तैलरंग खरवडताना लहान मुलांना लांब ठेवा आणि भुसा ओला करून गोळा करा.

रंग देऊन सहा महिने झाले नाहीत, भिंतीला तिरपे तडे गेले. पुट्टी कमी पडली का?

पुट्टीचा यात काही संबंध नसेल. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेताला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखाली आहे. पाया उथळ असेल तर घर वर-खाली होतं आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे निघतात.

तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय रंगावर रुपया घालू नका. शाबूत राहिली तर तडा रुंद करून भरा, वर जाळी लावा, मग गिलावा. घराच्या कडेने तीन-चार फुटांचा उताराचा कोबा केला आणि छताचं पाणी पायाशी न सोडता लांब नेलं, तर पुष्कळ तडे पुढे वाढत नाहीत. मोठं झाड भिंतीला खेटून लावू नका, तेही जमिनीतली ओल ओढतं.

आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छत असलेलं घर आहे. आतून आधुनिक करायचं आहे, पाडायचं नाही. जमेल का?

जमतं, आणि अशी कामं मला सगळ्यात आवडतात. पण आधी वजनाचं बोलू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं झोपेत गाडली गेली. माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. गळू नये म्हणून दरसाल पांढरी माती टाकायची पद्धत होती, जुनी काढायची नव्हती. पिढ्यान् पिढ्या थर चढत गेले. म्हणून पहिलं काम : वरची जादा माती उतरवा. इंजिनिअरच्या देखरेखीखाली तुळया, सर (तुळयांवरची आडवी लाकडं) आणि किलचण (त्यांवर अंथरलेल्या लहान फळ्या) तपासून घ्या, वाळवी लागलेलं लाकूड बदला. दगडी भिंत दोन पदरी असेल तर ते दोन्ही पदर आरपार दगडांनी किंवा लोखंडी सळ्यांनी बांधून घ्यावे लागतात. खांब तर अजिबात काढायचे नाहीत. "मधला खांब आडवा येतो, तेवढा काढू" असं म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आत काय करता येतं? माळवदाचं साणं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, बुजवलेलं असेल तर ते पुन्हा उघडा आणि वर जाड काच बसवा. अंधाऱ्या मधल्या घरात दिवसा दिवा लावावा लागत नाही. कोनाडे बुजवू नका. त्यांत पुस्तकं, राऊटर, औषधांचा डबा, सगळं मावतं. भिंतीतलं धान्य साठवायचं बळद रिकामं पडलं असेल तर त्याला दार करून पांघरुणांचं कपाट होतं. ढेलजेत, म्हणजे दारातल्या ओसरीत, बूट-चपलांची मांडणी आणि बसायला कट्टा.

माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. त्या भिंती ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा करा. तो नीट घोटला तर संगमरवरासारखा दिसतो. बीबी का मकबऱ्याच्या मोठ्या भागावर दगड नसून चुन्याचा गिलावाच आहे, आणि तो सतराव्या शतकातला.

बैठकीच्या खोलीत सोफा घ्यावा का दिवाण?

तुमच्याकडे पाहुणे किती येतात आणि मुक्कामी किती राहतात, त्यावर. आपल्याकडे लग्न-बारशाला, दवाखान्याच्या कामाला, पोराच्या अॅडमिशनला गावाकडून माणसं येतात आणि रात्री बैठकीतच झोपतात. एल आकाराच्या सोफ्यावर पाच जण बसतात, पण झोपतो एकच, तोही पाय दुमडून. त्याच जागेत भिंतीला धरून दोन दिवाण, प्रत्येकी साडेसहा फूट बाय अडीच फूट, उंची गादीसकट १७-१८ इंच, पाठीला लोड. दिवसा सहा-सात जण बसतात, रात्री दोघं ऐसपैस झोपतात, खाली पेट्यांत वाकळा आणि जादा गाद्या राहतात. जमिनीवर बाकीच्यांची अंथरुणं पडायला मधली जागा मोकळी मिळते. म्हणून काचेचा जड टीपॉय मी सहसा सुचवत नाही, हलका, उचलून ठेवता येईल असा बरा.

वयस्कर माणसांसाठी एक हातांची खुर्ची मात्र ठेवा. दिवाणावरून उठताना हाताला आधार मिळत नाही.

टीव्हीची जागा सगळ्यात आधी ठरवायची घाई करू नका. टीव्ही खिडकीसमोर आला की दुपारी पडद्यात खिडकीच दिसते.

किचन ओट्याची उंची किती ठेवावी? भाकरी करताना पाठ दुखते.

शोरूमवाले ३४ इंच सांगतात आणि सगळ्यांना तीच उंची देतात. ओटा जिला वापरायचा आहे तिला उभं करून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि चार इंच कमी करा. भाजी चिरायला आणि फोडणीला ती बरोबर. पण ज्वारीचं पीठ मळायला तळहाताचा जोर वरून खाली द्यावा लागतो, भाकरी थापायलाही हात वरून पडतो. त्या उंचीला खांदे वर येतात आणि पाठ दुखते. म्हणून ओट्याचा अडीच-तीन फुटांचा एक तुकडा मी चार-पाच इंच खाली घेते. परात तिथेच राहते, शेगडीही शेजारी तेवढ्याच खाली. ज्यांच्या घरात दोन वेळा भाकरी होते त्यांनी हा एक बदल केला तरी किचन पदरात पडलं म्हणा. ज्यांना बसूनच भाकरी जमते त्यांच्यासाठी खिडकीखाली बैठा कट्टा करा, लाज कसली?

सिलिंडर कपाटात असेल तर दाराच्या खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीतच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साठतो. वरच्या बाजूला ठेवलेल्या भोकांचा गळतीच्या वेळी उपयोग नाही.

काळा ग्रॅनाईट घेताना विचार करा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. मी स्वतःच्या पहिल्या घरात हौसेने काळी चकचकीत फरशीसुद्धा घातली होती. रोज पुसायची आणि रोज ती पुसायची राहिल्यासारखी दिसायची. करड्या, ठिपक्यांच्या दगडावर क्षार लपतात.

येसर, काळा मसाला, शेंगदाण्याचं कूट यांचे डबे शेगडीच्या वरच्या कपाटात नकोत, वाफेने मसाल्याच्या गाठी होतात.

पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्याची सोय दिसायला वाईट न होता कशी करावी?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या घरात पिंप आजही असतं आणि असायलाच हवं. मग ते लपवण्याऐवजी त्याची जागा आराखड्यातच धरा. बाथरूमच्या बाहेर किंवा मागच्या पडवीत तीन फूट बाय सहा फुटांचा कोपरा, खाली उतार आणि जाळी, वर नळ, समोर जाळीचं दार. तिथेच वॉशिंग मशीन. मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत घेता येईल अशी नळी काढा, फरशी पुसायला आणि संडासाला ते चालतं.

खोलीच्या कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर हजार लिटरची टाकी ठेवायचा विचार असेल तर थांबा. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. इंजिनिअरला विचारूनच.

प्लायवूड कोणतं घ्यावं? वाळवीचं काय?

कपाटांना आयएस ३०३ या भारतीय मानकाचं, त्यातही पाण्याजवळ बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचं. सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चं. शिक्का शीटवर असतो, बिलावर नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं चालवून घेऊ नका. पुस्तकांच्या फळीला तीन फुटांच्या आत आधार द्या, नाहीतर १८ मिलिमीटरची फळीही मध्ये झोळ खाते.

वाळवी असेल तर सुतार येण्याआधी जमिनीत आणि भिंतीच्या कडेला औषध मारून घ्या. कपाट जमिनीवर थेट टेकवू नका, खाली ग्रॅनाईटची चार इंची पट्टी घ्या. ओल असलेल्या घरात खालची किचन कपाटं स्टीलची करा, मी तर तोच सल्ला आधी देते. जुन्या वाड्याचं सागवान विकायला निघालं असेल तर हातचं जाऊ देऊ नका, चौकटीचा पलंग होतो, दाराचं जेवणाचं टेबल.

लाईट किती आणि कसे लावावेत?

खोलीच्या मधोमध एक झगझगीत ट्यूब असली की सगळ्यांचे चेहरे दवाखान्यातल्यासारखे दिसतात. बैठक आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवे, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाला ४००० च्या आसपास. ६५०० चा निळसर पांढरा रात्री झोपायच्या खोलीत नको. ओट्याच्या वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा लावा. मागच्या दिव्याने स्वतःचीच सावली चिरायच्या पाटावर पडते.

पलंगाशेजारी बटण हवंच. पंखे बदलणार असाल तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर जास्त वेळ टिकतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचं तारांकन सक्तीचं आहे, खोका उलटून बघा.

मुलगी बारावीला आहे. अभ्यासाची जागा कुठे करावी?

लातूर पॅटर्नच्या, म्हणजे बारावी आणि प्रवेशपरीक्षांच्या कसून तयारीच्या मुलखात हा प्रश्न घरातला सगळ्यात गंभीर असतो, आणि बऱ्याचदा उत्तर म्हणून महागडं टेबल येतं. टेबलापेक्षा जागा महत्त्वाची. ये-जा होणाऱ्या दाराकडे पाठ नको. मान वर केली की टीव्ही दिसायला नको. टेबल ३० इंच उंच, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून. समोरच्या भिंतीला चार फुटांचा सॉफ्टबोर्ड लावा, सूत्रं भिंतीला चिकटटेपने चिकटवली की रंग निघतो. पंखा थेट डोक्यावर असेल तर पानं उडतात, टेबल थोडं सरकवा.

लातुरात दोघी-तिघींत एक खोली भाड्याने घेणाऱ्या मुलींसाठी : घडीचं टेबल, पलंगाखाली चाकांची पेटी आणि प्रत्येकीचा स्वतःचा टेबललॅम्प, म्हणजे एकीला जागायचं असलं तरी दुसरी झोपते.

वास्तुशास्त्राप्रमाणे सगळं बसवावं लागेल का?

तुमचा विश्वास असेल तर देवघर ईशान्येला करा, सकाळचा उजेडही छान येतो. पण वास्तूसाठी तुळई तोडायची किंवा वाऱ्याची खिडकी बुजवायची म्हणाल, तर मी काम घेत नाही.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या खोलीत काय बदलावं?

बाथरूमपासून सुरू करा. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, खरखरीत फरशी, बाहेर उघडणारं दार. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडतो. चकचकीत व्हिट्रिफाईड फरशी ओली झाली की घसरते, शहाबादी किंवा खरखरीत टाईल बरी. पलंग गादीसकट अठरा-एकोणीस इंच उंच. रात्री वाटेत पायाशी छोटा दिवा. उंबरा काढता येत नसेल तर त्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. आणि त्यांची बाज अंगणातून हलवू नका, संध्याकाळी ते तिथेच बसणार.

सजावटीला काय ठेवावं? बाजारातल्या वस्तू सगळ्यांकडे सारख्याच दिसतात.

संभाजीनगरचं हिमरू कापड घ्या, त्याचे लोडाचे किंवा उशांचे अभ्रे साध्या पांढऱ्या चादरीवर सुरेख दिसतात. थेट उन्हात ठेवू नका, रंग उतरतो. आजीची फाटलेली पैठणी पेटीत कुजवण्यापेक्षा तिचा पदर काचेच्या चौकटीत लावा, पण चौकट भिंतीपासून बोटभर सुटी ठेवा. घोंगडी दिवाणावर टाकायला, वाकळ पायथ्याशी. पितळेचे हंडे-घंगाळ विकू नका, एकात झाड ठेवा आणि बाकीचे वापरा. शोभेची वस्तू एका फळीवर तीनपेक्षा जास्त नको, आपल्याकडची धूळ कोण पुसणार?

भाड्याचं घर आहे, खिळासुद्धा मारता येत नाही.

पडदे, दिवे, गालिचा आणि सामानाची जागा, एवढं बदलूनही खोली बदलते. घरमालकाला विचारून चुना-रंग स्वतः करा आणि भाड्यात वळता करून घ्या, आधी लिहून.

लग्न दीड महिन्यावर आलंय. तेवढ्यात घर होईल का?

रंग, दिवे, पडदे आणि अडगळ बाहेर काढणं, एवढं होईल. ओटा आणि बाथरूम फोडू नका. नवा गिलावा पाणी मारून पिकायला आणि नंतर पूर्ण सुकायला वेळ लागतो, ओल्यावर दिलेला रंग मांडव उतरायच्या आत सुटतो. पाहुणे भरलेल्या घरात अर्धवट बाथरूम असणं काय असतं, ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा नको.

काम गुत्त्यावर (ठेक्याने) द्यावं का रोजावर?

फोडतोड आणि जुन्या घराची डागडुजी रोजावर, कारण आत काय निघेल ते आधी कळत नाही. रंग, फरशी, फर्निचर गुत्त्यावर. पण गुत्तं देताना दराइतकंच मोजमाप कसं धरणार ते लिहून घ्या. रंगात दार-खिडक्या वजा होणार का? कपाट पुढच्या दर्शनी चौरस फुटांनी मोजणार, तर आतल्या फळ्या आणि ड्रॉवर त्यात धरलेत का? प्लायवूडची जाडी आणि प्रत, बिजागऱ्या, लॅमिनेट कोणतं, हे सगळं कागदावर घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा दहावा हिस्सा महिनाभर हातात ठेवा. कपाटाची दारं खाली उतरतात ती त्या पहिल्या महिन्यातच.

एका खोलीला किती दिवस धरावेत?

नुसता रंग आणि दिवे असतील तर आठ-दहा दिवस. फरशी आणि फर्निचरसह दीड ते दोन महिने. सुतार "पंधरा दिवसांत" म्हणाला तर तीस धरा, आणि मध्ये पोळा किंवा त्याच्या घरचं लग्न आलं तर चाळीस.